कोनचा शिंगवाला शेणकिडा

गौतम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी धामणकर नाक्यावर चहावाल्याला सांगत होतो, की आमच्या यंत्रमागाच्या शेडमधला एक लूम नुसत्या माझ्या शिट्टीवर चालतो. निरोप आणणारा माझं संपायची वाट बघत थांबला. अख्खी भिवंडी माझ्या थापा अशीच अदबीनं ऐकते... खरं मानणारा एकच होता.

गौतम आमच्या शेडमध्ये लूम दुरुस्त करायचा. शिफ्ट सुटली की हा गडी कोनला, आपल्या गावी, शेणाचे पो उकरत बसे. हरभऱ्याएवढा तपकिरी किडा, नराच्या डोक्यावर मागं वळलेली दोन शिंगं. नरमादी शेणाखाली बोगदे खणतात, आत शेण ठासून गोळे करतात, एकेका गोळ्यात एकेक अंडं. अर्ध्या जगात हा किडा आहे म्हणे. मी लोकांना सांगायचो, गौतमच्या किड्यानं एकदा म्हैस ओढत नेली. तो हसायचा. "म्हैस न्हाय शेठ, म्हशीचं शेण. दोन दिवसांत साफ." मग वहीत जागा, तारीख, किती दिसले ते लिही. न बघितलेलं एक अक्षर नाही.

नव्वदनंतर कोनचे तबेले उठले, गोदामं आली. वहीत 'कोन : नाही', 'कोन : नाही' असं एकाखाली एक येऊ लागलं. गडी सुकत चालला. मला बघवेना. एका पावसाळ्यात अंबाडीहून येताना मी शिंगवाला नर काडेपेटीत घालून आणला.

"घे. कोनला सापडला, तुझ्या शाळेमागं."

"शप्पथ?"

"शप्पथ."

झालं. तेव्हापासून रोज ड्युटीआधी कोन. भर पावसात, खोकत, दुसरा शोधायला. उद्या सांगू, परवा सांगू... हजार थापा एका दमात मारणाऱ्याला एक खरं वाक्य जमलं नाही. हिवाळ्यात छातीनं त्याला नेलं. दुखणं जुनंच होतं, असं सगळे म्हणतात.

वैनींनी वही माझ्या हातात दिली. "तुमीच ठेवा भावजी. शेवटीसुदिक इचारत हुते, कोनला कोनी जाऊन आलं का."

वही आता शेडमध्ये, त्याच्या पान्यांच्या खणात असते. काडेपेटीतल्या नराची नोंद मी शोधली, 'कोन' खोडून 'अंबाडी' लिहिलं. त्याखालचे सगळे 'नाही' त्याच्या अक्षरात तसेच आहेत. आणि नोंदीच्या शेवटी, कंसात, त्याचे दोन शब्द : 'विश्वासू मित्राकडून'.

तेही खोडायला हवेत. रोज खण उघडतो, पेन काढतो...