गाळलेला परिच्छेद

आमच्या घरी पुस्तकं कमी, पत्रकं भरपूर. वडील कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांची संघटना चालवत आणि पत्रकं स्वतः लिहीत. हिवरखेडला मी वाचायला शिकले ती त्यांवरच. म्हणून अमरावतीत एम.ए.च्या प्रबंधासाठी त्यांचंच एक घेतलं. अकोटच्या एका जिनात मजूर बाईचा हात यंत्रात गेला होता, त्यावरचं. शब्द माणसांना कसे पेटवतात, हे मला ओळीओळीने दाखवायचं होतं.

त्या पत्रकाच्या दोन छपाया सापडल्या. पहिलीत एक परिच्छेद होता: यंत्रावरची संरक्षक जाळी मालकानंच काढायला लावली. दुसरीत तो नाही. तो गेला की पत्रकातला आरोपच जातो, उरते नुसती हळहळ. मी ठरवून टाकलं, छापखानेवाला घाबरला. चर्चासत्रात तसं ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या.

अकोटला गेले त्यानंतर. आधी जायला हवं होतं. म्हातारा छापखानेवाला जुनी प्रुफं तारेत ओवून ठेवायचा. त्यानं गठ्ठा काढून दिला. त्या परिच्छेदावर काट मारलेली, शेजारी वडिलांचं अक्षर: हे काढावे.

वडिलांना विचारलं. मजकूर काढला तर बाईला झाडझुडीचं काम देतो, असं मालक म्हणाला होता. एक हंगाम ठेवली, मग कामावरून काढली. तोवर जाळीबद्दल बोलायला कोणी तयार उरलं नव्हतं.

"मले वाटलं, तिचं पोट चालन," ते म्हणाले. "आता नको लिवू, माय. मी गेल्यावर लिव."

"अन् त्या म्हाताऱ्याले मी भेकड म्हटलं, त्याचं काय?"

ते उठून बाहेर गेले.

मी लिहिलं. पाठभेदांच्या तक्त्यात, बदल कोणी केला या रकान्यातलं 'मुद्रक' खोडून 'लेखक' केलं, आणि प्रबंधाचं ते प्रकरण घेऊन छापखानेवाल्याची माफी मागायला गेले. त्यानं सवयीनं ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं.

"बाईचं नाव कुठी हाय?" त्यानं विचारलं.

दोन्ही छपायांत ते नव्हतं. एवढे महिने एकेक शब्द तपासत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. तिथूनच वडिलांना फोन लावला. त्यांना आठवत नव्हतं.