खडपाचा पॉइंट झाला

बाबांच्या कॉटजवळ वीज आणायला आलेल्या वायरमननं विचारलं, "बाई, पॉइंट खंय काढूचो?" खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबा अंथरुणावरच आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेल्या हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो. वायरमननं साधा प्रश्न विचारला होता, तरी मी त्याच्यावर खेकसले. पॉइंट हा शब्द कानावर पडला की हल्ली माझं डोकं फिरतं.

एके काळी या शब्दानं मला गंमत पुरवली होती. मालवणात जन्मभर मी इंग्रजी शिकवलं. शब्दकोशात या एका शब्दाखाली अर्थांची एवढी रांग, की पान बघूनच मुलं गळपटायची. पेन्सिलीचं टोक म्हणजे पॉइंट, गणिताच्या तासाला दशांशाचा ठिपकाही पॉइंट, आणि इतिहासाच्या पेपरात मुद्दे कमी पडले तर "पॉइंट नाहीत" म्हणून गुण कापलेले. मैदानावर गेलं तर तिथंही एक जण पॉइंटला उभा. डॉक्टरांच्या तोंडी ताप एकशे एक पॉइंट चार. गावच्या सभेत पुढारी "मी पॉइंटाचंच बोलतो" म्हणून सुरुवात करायचे, की माणसं चपला शोधायला लागायची. हा शब्द बारा घरचं जेवून आलाय, असं मी वर्गात म्हणायचे आणि मुलं हसायची.

तेरावं घर आमचं निघालं.

बाबा गरीनं, दोरीला गळ लावून, मासे मारायचे. समुद्रात पाण्याखाली खडकांचं एक खडप आहे, तिथं तांबोशी आणि गोबरे मिळायचे. खडप वरून दिसत नाही. ते सापडायचं ते किनाऱ्याकडे बघून. जमिनीवरची एक खूण दुसरीच्या मागे आणायची, मग दुसऱ्या बाजूच्या दोन खुणा तशाच जुळवायच्या. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या की होडीखाली खडप. प्रत्येक घरची अशी एखादी जागा असायची आणि ती घराबाहेर जायची नाही. बाप मुलाला सांगायचा. मुलीला नाही.

मागीलदारी बाबा माझ्या धाकट्या भावाला शिकवायला बसत. सारवलेल्या जमिनीवर करवंट्या आणि शिंपल्या मांडत. ही टेकडी, हे देऊळ, ही आपली होडी. मी चहा घेऊन आले की बाबा पायानं सगळं विस्कटून टाकत. एकदा मी हट्टाला पेटले. पहिला नंबर माझा यायचा, चार खुणा लक्षात ठेवायला काय कठीण? बाबा शांतपणे म्हणाले, "चेडवांका सांगूचा नसता गो. तू लोकांच्या घराक जातलंस. थंय जावन सांगतलंस."

मी कुणाच्याही घरी गेले नाही. स्थळं आली, फिसकटली, नोकरी लागली, आई गेली, मी राहिले. त्याच घरात, त्याच मागीलदारी. भाऊ मात्र लग्नानंतर बाजारपेठेजवळ वेगळा राहायला गेला. खडप त्याच्याबरोबर गेलं. लोकांच्या घरी न जाता मी परकी कशी राहिले, हा प्रश्न मी बाबांना कधी विचारला नाही. राग मात्र आला, आजही येतो.

बाबांनी होडी भावाच्या हाती दिली. त्यानं इंजिन बसवलं, मग जागा दाखवणारं यंत्र आणलं. ते मला दाखवायला तो मुद्दाम घरी आला होता. "ताय, आता खुणा कित्याक व्हयेत? ह्या बघ, पॉइंट मारून ठेवलंय." पडद्यावर एक ठिपका आणि शेजारी दशांशातले आकडे. बाबांनी करवंट्या मांडून शिकवलेली जागा नखाएवढ्या ठिपक्यात मावली होती. मी चष्मा पुसून वाकून बघितलं. ठिपका दिसला, जागा काही कळली नाही.

मोठ्या जाळ्यांच्या बोटींनी समुद्र खरवडून नेला आणि खडपावरचा मासा आटला. तोवर पर्यटक यायला लागले होते. भावानं एका बोटवाल्याबरोबर धंदा सुरू केला आणि तो ठिपका धंद्यात घातला. जेटीवर पाटी लागली: डॉल्फिन पॉइंट, सनसेट पॉइंट, कोरल पॉइंट. तिसरं नाव कुठल्या जागेचं, हे मला मासळी बाजारात कळलं. कोळंबी निवडून देता देता बाई सहज बोलून गेली. तिलाही माहीत होतं.

मी भावाला गाठलं, वाट्टेल ते बोलले. तो चिडला नाही. "तुझ्या बोलण्यात काय पॉइंट नाय, ताय. मासो रवलो खंय थंय आता? आणि खडप काय आपल्या बापाशीचा?"

मासा राहिला नव्हता, एवढं त्याचं खरं. पण खडप बापाशीचंच होतं. निदान आमच्या घरात तसंच धरून चालत होते, आणि त्याच हिशेबानं मला बाहेर ठेवलं होतं. मी बाबांना काही सांगितलं नाही. भावानंही नाही. अंथरुणावरच्या माणसाला कशाला, असं दोघांनी न बोलता ठरवलं.

मग या हिवाळ्यात एका सकाळी बाबांजवळ शेजारणीला बसवलं आणि जेटीवर जाऊन तिकीट काढलं. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "मॅडम, कुठून आलात?" मी म्हटलं, "लांबून." नारिंगी जॅकेट छातीवर आवळून सहलीला आलेल्या कुटुंबांमध्ये बसले. शेजारची बाई म्हणाली, पोहता येत नसेल तर घाबरू नका. मालवणात जन्म गेला माझा, पण खरंच पोहता येत नाही. तेही कुणी शिकवलं नाही.

बोट थांबली. बोट हाकणारा तांडेल ओरडला, "हा आपला लास्ट पॉइंट!" सगळे खाली पाण्यात बघायला लागले, फोन काढले, लेकरांना कडेवर धरून फोटो झाले. मी एकटी पाठ फिरवून किनाऱ्याकडे बघत होते. देवळाचा कळस बरोबर एकट्या उंडीच्या झाडामागे गेला होता. दुसऱ्या बाजूला दोन टेकड्यांच्या खिंडीत चर्चचा पांढरा क्रूस उभा. बोट जरा सरकली की जुळणी मोडायची, परत आली की जमायची. एवढंच होतं. पायानं विस्कटलेलं ते एवढंच. मला रडू फुटलं, आणि बोट लागली असेल म्हणून कुणीतरी लिंबाची गोळी पुढे केली.

घरी आले. शेजारीण गेल्यावर बाबांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, मी आपल्या खडपार जावन इलंय." आणि खुणा सांगितल्या. कळस, उंडी, खिंड, क्रूस. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशा.

बाबांनी आधी दाराकडे बघितलं. मग माझं मनगट धरलं.

"हळू बोल. भायर कोण ऐकात." डोळे रोखून त्यांनी विचारलं, "तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाय. माझी मीच बघलंय."

त्यांनी नजर छताकडे वळवली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. शाबास म्हणतील. इतक्या वर्षांनी एक शब्द. मी वाकूनच उभी राहिले.

"बरा," ते म्हणाले. "पण तुझ्या भावाक सांगा नको, तुका म्हायत आसा म्हणान. तेका वायट वाटतला."

मी बरं म्हटलं. बाहेर जेटीवरचा भोंगा दुपारच्या फेरीसाठी माणसं बोलवत होता, तिन्ही पॉइंटांची नावं घेत. बाबांना हल्ली लांबचं ऐकू येत नाही. त्यांनी माझं मनगट सोडलं, आणि मी खिडकी लावून घेतली.