तांबडी तिवरं

नव्वदच्या दशकात पेणला आमच्या शेजारी तिवरांचा, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडांचा, अभ्यास करणारा एक माणूस राहायचा. बोलता बोलता तो मध्येच थांबून आभाळाकडे बघत राही. एकदा उपग्रहाने टिपलेलं खाडीचं चित्र घेऊन तो माझ्याबरोबर माझ्या मावशीच्या खाडीकाठच्या गावी आला.

"तिवरं तांबडी कशी?" मावशीने विचारलं.

"या चित्रात जिवंत झाड लाल उमटतं, मावशी. इथं फिकं पडलंय. तिवरं गेली की भरती थेट शेतांच्या बांधावर आदळेल."

"सरपणाला आमीच तोडतो," ती हळूच म्हणाली. गावाने तिथली तोड थांबवली.

काही वर्षांनी नवं चित्र आलं. फिक्या जागी गुलाबी छटा होती. ते घेऊन तो एकटाच एसटीने गावी गेला.

मावशी सांगते, "आला तो थेट चिखलात उतरला नि तिवरांच्या नव्या रोपांत उभा राह्यला, भरती गुडघ्याला लागेपर्यंत."