चुन्याच्या पट्ट्यांची वाट

फुकट राबणारा माणूस दिसला की माझे कान टवकारतात. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावाचा पोलीस पाटील. संशय घेणं हे माझं कामच. आणि दारूबंदीच्या त्या दिवसांत सुपडूइतका संशयास्पद माणूस पंचक्रोशीत नव्हता.

बत्तीस वर्षं तो भुसावळला रेल्वेचा गँगमन होता. खांद्यावर हातोडा टाकून रोज रूळ तपासायचे, एवढंच त्याचं आयुष्य. १९५२ साली निवृत्त होऊन गावी आला आणि सातपुड्यातून चोपड्याच्या बाजाराला उतरणाऱ्या पायवाटेच्या मागे लागला. सकाळी निघायचा, काटे तोडायचा, हलणारे दगड ठोकून बसवायचा. काही दगडांवर चुन्याचे पट्टे ओढायचा. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन.

"कोणासाठी करतोस रे हे?" मी विचारलं.

"बत्तीस वरीस रूळवर चालनू, पाटील. आते रूळ नही, वाट शे."

हे उत्तर मला पटेना. पट्टे म्हणजे डोंगरातून चोरटी दारू उतरवणाऱ्यांच्या खुणा, तीन पट्टे म्हणजे तीन डबे, असा हिशेब मी मनाशी बसवला. दोन शिपाई घेऊन तीन पट्ट्यांच्या दगडाखाली कमरेइतकं खणलं. काहीच निघालं नाही. लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या पावरा आदिवासी बायका आमच्याकडे बघून तोंडावर पदर धरून हसल्या. एकीने सांगितलं, पट्टे म्हणजे पाण्याच्या झऱ्यापर्यंतचे फर्लांग.

माझा पार पचका झाला. संशय मात्र गेला नाही, कारण तो मला सोयीचा होता. खरं सांगायचं तर ती वाट माझ्या नव्या केळीच्या बागेतून जात होती आणि केळी मी वाटेवरही लावल्या होत्या.

पुढच्या वर्षी जमिनींच्या एकत्रीकरणाचे साहेब नवा नकाशा करायला आले. नकाशात वाट आली नाही, तर ती कायमची बंद आणि डोंगरातल्या माणसांना नदीकडून पाच कोसांचा वळसा. साहेबांनी बांधावरच मला विचारलं, "पाटील, ही वाट वापरात आहे का?"

"दारूवाल्यांच्या," मी म्हणालो. "दुसरं कोणी फिरकत नाही."

सुपडू शेजारी उभा होता. तो वाकून वाटेवरचा एक हलता दगड ठोकून बसवत राहिला. मला त्याचाही राग आला.

माझी माय धुरपदाबाई माझी भाकर घेऊन आली होती. तिने टोपली खाली ठेवली.

"डोंगरमा मामाना घर तुले ताप उना व्हता, तव्हय कडवर लिसन मी याच वाटवरतीन चोपडाले गयथू. तव्हय मी दारू आनेल व्हती का रे?"

साहेबांनी माझ्याकडे न बघता लाल पेन्सिलीने नकाशात वाटेची रेघ ओढली आणि ते पुढच्या शेताकडे गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सुपडू जवळ आला. आता हा टोमणा मारणार, असं वाटलं.

"पाटील, चारच केयी येतस वाटमा. मी पावलं मोजी लिन्हात."

चारच? यातही काहीतरी डाव असणार, म्हणून मी स्वतः बागेत जाऊन मोजल्या. चारच होत्या. बागेच्या तोंडाशी एका मोठ्या दगडापाशी वाट हातभर वळवून त्याने माझ्या बाकीच्या साऱ्या केळी वाचवल्या होत्या.

मी त्याच्याकडून कोयता मागून घेतला आणि पहिली केळ तोडली.