आधी गूळ, मग भांडण

कॉलनीत कुणाचंही भांडण झालं की दोन्ही बाजू शेजारच्या आजोबांच्या ओट्यावर जात. त्यांचा नियम एकच: आधी दोघांनी गूळ खायचा, पाणी प्यायचं, मगच तोंड उघडायचं. पुढे त्यांना माणसं आठवेनाशी झाली. मला ते येवल्याची आत्या समजत. मी मुळात अबोल, त्यामुळे आत्या होऊन नुसतं ऐकत बसणं मला सोयीचंच होतं. गुळाचा डबा मात्र ते कधी विसरले नाहीत.

कोर्टाकडून त्यांचं पालकत्व कुणी घ्यायचं, यावरून मुलगा आणि मुलगी भांडत होती. मुलाला त्यांना पुण्याला न्यायचं होतं, मुलीला वणीला. एका रविवारी मी पेपर परत द्यायला गेले आणि नेमकी त्यात सापडले.

"दादा, बाबांना चहात साखर किती लागते, सांग बघू!"

"तुझ्या घरी जिना कसला आहे, ते तू सांग!"

आजोबांनी डबा आणला आणि दोघांच्या हातावर गूळ ठेवला. "खा. आता सांगा, भांडण कशाचं?"

मुलगा पुटपुटला, "एका म्हाताऱ्याला कुणी न्यायचं, त्याचं."

"तो काय म्हणतो?"

दोघं बोटांना चिकटलेला गूळ चाटू लागली.

"विचारलंच नाही? आत्या, बोलवा त्याला."

मी डब्यातला खडा उचलून त्यांच्याच हातावर ठेवला. तो तोंडात टाकून ते ओट्यावर ऐसपैस बसले.

"मी काही इथून हलायचा नाही," ते म्हणाले. "आता त्या म्हाताऱ्याचं बघा."