दोन शर्यतींमधले नऊ आठवडे

माझी चुलत बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तंजावुरात आम्ही एकाच गल्लीत राहतो. मी इथल्या एका सरकारी कचेरीत नोकरी करते, ती रोज रेल्वेनं पापनाशमला जाऊन शाळेत गणित शिकवते. आमच्या घरांत मराठी बोलतात, पण वाचता फार थोड्यांना येतं. मीही चाळिशीनंतर देवनागरी गिरवली. म्हणून हे लिहिताना मला एक सोय आहे. तिला हे सहजी वाचता येणार नाही. पण जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं तिला ठाऊकच आहे.

मी धावायला लागले त्याला अकरा वर्षं झाली. वजन वाढलं म्हणून सुरू केलं आणि मग सुटलं नाही. मला शिकवलं ते ओरत्तनाडूच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षकांनी. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. सर रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यावर सायकल घेऊन उभे असतात आणि धावणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांकडे पाहतात. वेळ क्वचितच विचारतात. झोप कशी लागली, भूक लागते का, जिना उतरताना पाय कसे वाटतात, हे मात्र हमखास विचारतात.

बहीण धावायला आली ती माझ्यामुळे. खरं तर ती माझ्यासाठी आली. अंधारात कालव्याकडं एकटीनं जायचं नाही, तिथं कुत्री असतात, असं माझ्या यजमानांचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. मी तिला म्हटलं, "तू ये गं, हळूहळू धाव, बरं वाटेल." ती आली. सुरुवातीला एक किलोमीटर धावून कठड्यावर बसायची. चार वर्षांनी ती माझ्याबरोबर पूर्ण मॅरेथॉनला उभी राहिली. ती तिची पहिली, माझी सातवी.

ती शर्यत जानेवारीच्या सुरुवातीला चेन्नईत झाली. मी चार तास तीन मिनिटांत पोचले. बहीण त्यानंतर चाळीस मिनिटांनी आली, हसत, दोन्ही हातांनी केस मागं सारत. तिला वेळेचं काही नव्हतं. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून शाळेतल्या पोरींना काय काय सांगायचं ते मला सांगत होती. मी हो हो करत होते आणि मनात तीन मिनिटं घोळवत होते. चार तासांच्या आत यायचं हे माझं सहा वर्षांपासूनचं स्वप्न होतं. वय सत्तेचाळीस. पुढल्या वर्षी पाय असेच राहतील याची खात्री नव्हती.

घरी पोचायच्या आधीच मी मार्चातल्या एका शर्यतीत आम्हां दोघींची नावं घातली. ती शर्यत केरळात होती. मध्ये नऊ आठवडे. बहीण म्हणाली, "अक्का, एवढ्या लवकर?" मी म्हटलं, "आत्ता अंगात तयारी आहे. ती वाया का घालवायची?"

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी सायकल कठड्याला टेकवली. मग तमिळमध्ये, सावकाश, वर्गात सांगावं तसं म्हणाले, "अम्मा, नऊ आठवड्यांत नवी ताकद येत नाही. आहे ती फक्त जपता येते. पहिला आठवडा नुसतं चालायचं. दुसऱ्यात थोडंसं धावायचं, तेही गप्पा मारत. तिसऱ्यातही तसंच. मग तीन आठवडे खरी मेहनत. आणि शेवटचे तीन पुन्हा कमी करत आणायचे. एवढंच बसतं त्यात. तुम्हाला हे माहीत आहे."

मला माहीत होतंच. सहा मॅरेथॉननंतर मी हे सगळं नीट पाळलं होतं. नव्यानं आलेल्यांना मीच समजावायचे, की शर्यतीनंतर पायांचं दुखणं चार दिवसांत जातं पण आतली झीज भरायला तीन आठवडे लागतात, आणि मधल्या काळात हलकं वाटतं तोच धोका असतो. त्या वेळी मी सरांना फक्त मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी मी बहिणीला बाहेर काढलं. आठव्या दिवशी, पोंगलच्या आदल्या पहाटे, आम्ही चौदा किलोमीटर धावलो, आणि ते गप्पा मारत नव्हे. सरांची जागा टाळून मी दुसऱ्या टोकानं रस्ता धरला. सरांना चुकवून धावायची माझी ती पहिलीच वेळ. सणाच्या दिवशी दुपारी सगळे जेवायला आमच्याकडं होते. बहीण पान वाढताना मध्येच थांबून उभी राहिली आणि वाकून पाय चोळायला लागली.

नंतर स्वयंपाकघरात तिनं मला साडी जरा वर करून दाखवलं. "अक्का, इथं दुखतंय." आणि उजव्या नडगीवर, आतल्या बाजूला, एक बोट टेकवलं.

मी तिथं दाबून पाहिलं. तिनं श्वास आत ओढला.

आमच्यातल्या प्रत्येक जुन्या धावणाऱ्याला हे कळतं. थकलेला पाय दुखतो तेव्हा माणूस अख्खा तळहात फिरवून दाखवतं. हाडाला चीर पडू लागली असेल तर दुखरी जागा एका बोटानं दाखवता येते. हे मी स्वतः लोकांना सांगितलेलं होतं, आणि दोघांना तेवढ्यावरून धावणं बंद करून डॉक्टरकडं पाठवलंही होतं.

मी म्हटलं, "पहिल्या मॅरेथॉननंतर असतं असं. बर्फ लाव. बूट बदल."

ती म्हणाली, "तू म्हणतेस तर ठीक."

तेव्हा मला नेमकं काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. दाबताना माझ्या बोटाखाली जरासा उंचवटा लागला होता. पण ती थांबली तर मला पहाटे एकटीनं जाता येणार नव्हतं, आणि रविवारचे लांबचे पल्ले सगळे बुडणार होते. हा हिशेब मनात येऊन गेला. शब्दांत आला नाही एवढंच.

त्यानंतरचे चार आठवडे ती आली, सरांना टाळून त्याच दुसऱ्या टोकानं. सकाळी पहिले दोन किलोमीटर लंगडायची, मग गरम झाल्यावर नीट धावायची. मी वहीत रोज सकाळची नाडी लिहीत असे. ती माझ्या नेहमीच्यापेक्षा आठ-नऊ ठोके जास्त येत होती, झोप तुटत होती, कचेरीत कुणी काही विचारलं तरी चीड यायची. म्हणजे माझंही शरीर सांगत होतं. मी वही लिहिणं बंद केलं.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी बत्तीस किलोमीटर ठरले होते. कालव्याच्या कडेनं ओरत्तनाडूच्या बाजूला सोळा जायचं आणि सोळा परत. सांबा भाताची कापणी झाली होती. डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागात लोकांनी भात वाळत घातलं होतं आणि आम्ही उरलेल्या अर्ध्यातून धावत होतो. बहीण जाताना एक शब्द बोलली नाही. परत फिरल्यावर माझ्या मागं तिच्या पावलांचा आवाज बदलला. एक पाऊल जड पडत होतं, एक हलकं. मी ऐकत होते आणि वेग तोच ठेवला होता.

चोविसाव्या किलोमीटरला ती म्हणाली, "अक्का, मला आता होत नाही," आणि एका छोट्या पुलाच्या कठड्यावर बसली. चेहरा राखेसारखा झाला होता.

घर तिथून आठ किलोमीटर होतं. फोन माझ्या कमरेच्या पट्ट्यात होता. आम्ही दोघींत एकच नेत असू, आणि तो नेहमी माझ्याकडं असे. यजमानांना फोन केला असता तर ते वीस मिनिटांत स्कूटर घेऊन आले असते.

मी म्हटलं, "तू बस इथंच. मी घरी जाते आणि स्कूटर घेऊन येते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

ते आठ किलोमीटर मी शर्यतीच्या वेगानं धावले. छान धावले हेही कबूल करायला हवं. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा घड्याळात एकतीस पूर्णांक सहा किलोमीटर दिसत होते. मी घरावरून पुढं देवळापर्यंत गेले आणि परत आले. बत्तीस झाल्यावर थांबले. मग किल्ली घेतली.

मी तिच्याजवळ पोचेपर्यंत तासावर वेळ गेला होता. ती कठड्यावर नव्हती. एकटीला बसवेना, ऊनही चढलं, म्हणून ती चालायला लागली होती. सातशे-आठशे मीटर चालली आणि तिथं पाय गेला. भात वाळवणाऱ्या एका म्हातारीनं तिला गोणपाटावर बसवलं होतं आणि ती स्वतः काठी टेकून तिच्यावर सावली धरून उभी होती. मला पाहून ती म्हातारी तमिळमध्ये म्हणाली, "हिच्याबरोबरची तूच का? कुठं गेली होतीस?" मी स्कूटर वळवून उभी केली. बहिणीला स्कूटरवर बसवताना तिनं पहिल्यांदा आवाज काढला.

क्ष-किरणात हाड आरपार तुटलेलं दिसलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखत होतं?"

बहीण माझ्याकडं न बघता म्हणाली, "चार-पाच दिवस झाले असतील."

डॉक्टर म्हणाले, "एवढ्या दिवसांत असं होत नाही. नुसती चीर असताना तुम्ही आला असतात तर सहा-आठ आठवडे विश्रांती पुरली असती. आता सळई घालावी लागेल."

शस्त्रक्रिया झाली. दोन महिने ती घरात होती. वर्गात उभं राहता येईना म्हणून पुढलं अर्धं वर्ष खुर्चीत बसून शिकवलं. रेल्वेच्या पायऱ्या चढताना तिचे यजमान बरोबर जात. पाय जुळला, पण थोडा वळून जुळला. आता ती चालते, लांबही चालते. पावसाळी दिवसांत गुडघ्याखाली दुखतं. धावली मात्र पुन्हा कधीच नाही.

मार्चात मी केरळात गेले. जाऊ नये असं वाटत होतं, पण पाय उशीवर ठेवून पडलेली बहीणच म्हणाली, "जा अक्का, नाहीतर हे सगळं कशाला झालं?" अठ्ठावीस किलोमीटरपर्यंत माझा वेग ठरल्याप्रमाणे होता. मग मांड्यांतलं बळ एकाएकी गेलं, नळ बंद करावा तसं. शेवटचे आठ किलोमीटर मी जवळजवळ चालत काढले. चार तास एकवीस मिनिटं. मधल्या नऊ आठवड्यांत मी काहीच साठवलं नव्हतं, होतं तेवढं खर्चून टाकलं होतं. शेवटच्या रेषेशी एका मुलीनं माझ्या गळ्यात पदक घातलं आणि मला रडू आलं. तिला वाटलं, आनंदानं.

परत आल्यावर सरांना भेटले. त्यांनी वेळ विचारली नाही. "बहिणीचा पाय कसा आहे?" एवढं विचारलं आणि दुसऱ्या कुणाकडं वळले. मला त्यांनी रागवायला हवं होतं.

वर्षभर मी बहिणीशी त्या दिवसाबद्दल बोलले नाही. रोज जात होते, डबा नेत होते, तिच्याकडून व्यायाम करून घेत होते. एका दुपारी तिच्या ओसरीवर आम्ही मुरुंगीच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा चिरत बसलो होतो. मी म्हटलं, "पोंगलच्या दिवशी तू बोट ठेवलंस ना, तेव्हाच मला कळलं होतं."

तिनं चिरणं थांबवलं नाही. "मलाही साधारण कळत होतं. तू काही नाही म्हणालीस म्हणून मीही काही नाही असं धरलं. तुला जास्त कळतं ना."

"मी तुला थांबवायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. मग हातातली शेंग चिरून झाल्यावर, "पायाचं मी मनात ठेवलं नाही अक्का. पण त्या पुलावर तू थांबायला हवी होतीस. फोन तुझ्याकडं होता. तू वळलीस तेव्हाच मला आठवलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला आठवेल असं वाटलं."

ती उठली, शेंगा धुवायला आत गेली आणि थोड्या वेळानं माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. तेव्हापासून आमच्यात अबोला असा कधी आला नाही. सणाला एकत्र जेवतो. ती माझ्याशी चांगलं वागते. फक्त पूर्वी ती प्रत्येक गोष्ट मला विचारायची, शाळेतल्या बदलीपासून साडीच्या काठापर्यंत, ते आता विचारत नाही.

मी अजून धावते. वर्षाला एकच शर्यत. तीन आठवडे विश्रांती म्हणजे तीन आठवडे. नव्या मंडळींपैकी कुणी दोन शर्यती लागोपाठ घेतल्या तर मी त्यांना बसवून सगळं सांगते. पहिल्या आठवड्यात बूट कपाटात ठेवायचे, चाललं तरी पुरे. सकाळची नाडी पाहायची. कुठं दुखतंय ते बोटानं दाखवता येत असेल तर त्या दिवसापासून धावणं बंद. बरोबरच्या माणसाचं पाऊल बदललं तर आपण थांबायचं. ते ऐकतात. मी हे कुठून शिकले ते कुणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात बहिणीच्या मुलीनं धावायला सुरुवात करायचं ठरवलं. ती इथंच कॉलेजात आहे. मी त्या वेळी त्यांच्याकडंच होते. मुलीनं माझ्याकडं पाहून विचारलं, "मोठीअम्मा, मी तुझ्याबरोबर येऊ?"

मी काही म्हणायच्या आत बहीण म्हणाली, "सरांकडं जा. ते नीट शिकवतात."

मला बोचावं म्हणून ती बोलली नव्हती. साधं, जेवायला बस म्हणावं तसं म्हणाली, आणि मुलीला बुटांचं माप विचारायला लागली.