चप्पल घालून वाजवायचा ॲम्प्लिफायर

आमची सरावाची खोली नंदुरबारला मिरची कांडपाच्या गिरणीमागे आहे. खोली एका शेठजींची. पुढे त्यांचे गोदाम, मागे आम्ही. गिरणीची मोटर सुरू झाली की माझ्या बहिणीच्या जुन्या गिटारमधून तीच घरघर बाहेर पडायची, आणि मोटर थांबली की थांबायची. मिरचीमुळे तिघांनाही ठसका लागे. तो सरावाचाच भाग धरलेला होता.

आम्ही तिघे आहोत. बहीण गिटार वाजवते आणि गाते, माझा मित्र ड्रम वाजवतो, मी बेस गिटार. मित्र तळोद्याला एका कार्यालयात कारकून आहे. बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. लोणखेड्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. मी एका दैनिकात इतरांनी पाठवलेल्या बातम्या तपासतो. आमचे संगीत हेवी म्हणतात त्या प्रकारातले. तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या, लय संथ, आवाज जाड. गाणी बहीण अहिराणीत लिहिते, कारण घरी आम्ही अहिराणीच बोलतो. गाताना ती माइकला ओठ टेकवायची. त्यामुळे तिचा आवाज कानाशी बोलल्यासारखा येई, आणि आमच्या दोन वाद्यांच्या गदारोळातही शब्द कळत.

वस्तू निवडण्याचे काम माझ्याकडे होते. मी चौकशी केल्याशिवाय काही घेत नाही, असा माझा लौकिक आहे. गिटार आम्ही सुरतेला जाऊन घेतली, वापरलेली. माझी यादी तयार होती. जुन्या गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचे कंपन पकडणाऱ्या चुंबकावर, बारीक तारेची एकच गुंडाळी होती, ती गिरणीची मोटर पकडत असे. दोन गुंडाळ्यांच्या पिकअपमध्ये तो आवाज एकमेकांत कटतो, म्हणून तसाच हवा. लाकूड जड हवे. मान सरळ हवी, कारण जाड तारांचा ताण आणि आमच्याकडचा मे महिना, दोन्ही तिला वाकवतात. बहिणीने यादी पाहिली नाही. तिने एकेक गिटार काहीही न जोडता छातीशी धरली, हनुवटी लाकडाला टेकवली आणि सर्वांत खालची तार छेडली. पाचवी गिटार तिने परत ठेवली नाही. यादीप्रमाणेही तीच निघाली.

विक्रेत्याने ती ॲम्प्लिफायरला जोडून एक गोष्ट दाखवली होती. गिटार नुसती जोडलेली असताना थोडी गुणगुण येत होती. तारांवर हात ठेवताच ती थांबली. गिटार चांगली असल्याची ही खूण, असे तो म्हणाला. मी कारण विचारले. तारा आतून ॲम्प्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात, हात लावला की वाजवणाराही त्याला जोडला जातो. हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. सांगाड्यातच वीज उतरली असेल तर काय, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

राहिला होता ॲम्प्लिफायर. आमच्याकडे होता तो ट्रान्झिस्टरचा. आवाज वाढवला की कापड फाटल्यासारखा फाटे. बहिणीला जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा हवा होता. व्हॉल्व्ह तापतात आणि मग आवाज फाटत नाही, पसरतो. नव्या शोरूममध्ये असे काही नव्हते. लग्नाच्या बँडवाल्यांकडे चौकशी केल्यावर नवापूरच्या डोंगरातल्या एका गिटारवाल्याचे नाव पुढे आले. तो शेती करतो, लग्नसराईत बँडबरोबर जातो आणि रविवारी गावच्या प्रार्थनाघरात वाजवतो. ॲम्प्लिफायर त्याच्या वडिलांना मायदेशी परत जाणाऱ्या कोण्या पाहुण्याने दिलेला. आता त्याला हलका, नवा घ्यायचा होता.

आम्ही तिघे सकाळच्या गाडीने नवापूरला गेलो, पुढे जीपने. माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने मागची फळी काढून आतले सगळे दाखवले. चार व्हॉल्व्ह, एकावर काजळी. पिन दोनच, तिसरी, अर्थिंगची, नव्हती. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळलेली होती. मी त्याबद्दल विचारले. लग्नात नाच रंगात आला की फ्यूज उडतो, सगळे थांबतात, मुलाकडचे अंगावर येतात. तार बसवल्यापासून तक्रार नाही, असे त्याने सांगितले. मी वहीत लिहिले: ‘पिन दोन. फ्यूज नाही, तार.’ वही मिटली. नोंद करणे आणि इशारा देणे यांतला फरक मला कामावर असताना चांगला कळतो.

त्या वेळी त्याच्या घराकडची वीज नव्हती. प्रार्थनाघर दुसऱ्या लाइनवर होते, म्हणून ॲम्प्लिफायर तिकडे नेला. आम्ही पायातले काढून आत गेलो. फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती. वाजवायच्या जागी, भिंतीशी, रबरी चपलांचा एक निळा जोड ठेवलेला होता. तो माणूस माझ्या बहिणीला म्हणाला, “बेन, ती चप्पल घालून घ्या.”

“नको,” ती म्हणाली. “देवाचं ठिकाण आहे.”

तो किंचित हसला आणि त्याने पिन भिंतीत लावली. आम्ही त्या धर्माचे नव्हतो, त्यामुळे आमच्याकडून काही उणे राहू नये, असे आम्हाला तिघांनाही वाटत होते. तिचे उत्तर मला बरोबर वाटले.

व्हॉल्व्ह तापायला दीड-दोन मिनिटे लागली. गुणगुण आली. तिने तारांवर हात ठेवला, गुणगुण थांबली, आणि मी मान डोलावली. मग तिने सर्वांत खालची तार वाजवली. आवाज आधी फरशीतून आला, नंतर कानात. खिडकीची काच थरथरली. बाहेर शेळ्या बांधल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. मित्र ड्रमशिवाय, मांडीवरच ठेका धरू लागला. इतक्या दिवसांत आम्ही जे शोधत होतो ते हेच आहे, याबद्दल कोणालाही विचारायची गरज नव्हती.

तिने गायला माइककडे तोंड नेले.

माइक दुसऱ्या यंत्राला जोडलेला होता, आणि त्या यंत्राला अर्थिंग होते. तिचे ओठ जाळीला लागले आणि एक बारीक तडतड ऐकू आली. ती मागे फेकली गेली. माइकचा स्टँड पडला. गिटार पट्ट्यासह अंगावर होती, म्हणून तिचा हात तारांवरच राहिला होता. मित्राने भिंतीतली पिन ओढून काढली. मी जागेवरून हललो नव्हतो. हे मी इथे लिहीत आहे, कारण नंतर घरी सांगताना मी ते गाळले.

ती उठून बसली. खालच्या ओठावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. “माले काय नई व्हयनं, भाऊ,” ती म्हणाली, आणि हात पाठीमागे घेतला.

त्या माणसाने तिला आधी पाणी दिले. मग माझ्याकडे वळून, जणू मी विचारलेच होते अशा स्वरात म्हणाला, “हा चावतो. मी चप्पल घालूनच वाजवतो, वीस वर्षं. पण देवाच्या घरात पाहुणी चप्पल नको म्हणते. तिला मी कसं सांगणार?”

मला त्याचा राग आला नाही. एक माणूस गप्प बसला तो पाहुणीने आपल्या देवाचा मान राखला म्हणून. दुसऱ्याच्या खिशात वही होती.

नवापूरच्या दवाखान्यात तिला तपासून घेतले. हृदयाचा आलेख ठीक आला. परतीच्या गाडीत मी ॲम्प्लिफायरचा विषय संपल्याचे सांगितले. ती खिडकीबाहेर बघत होती. खांडबारा गेल्यावर म्हणाली, “माले हाऊच पायजे.”

पुढचे तीन आठवडे मी चौकशी केली. नंदुरबारला रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांनी ऐकून घेतले आणि सांगितले की दोष काढता येतो. विजेच्या तारेतून सांगाड्याकडे जाणारा एक जुना भाग काढायचा, तीन पिनची वायर बसवायची, फ्यूज खरा घालायचा. चप्पल पायातून जाणारी वीज अडवते, ओठांतून माइकमध्ये जाणारी नाही, असेही ते म्हणाले. मी म्हणालो, आमच्या खोलीत तीन भोकांचे सॉकेट आहे. ते म्हणाले, “तिसरं भोक आहे म्हणून अर्थिंग आहे असं छापू नका.” त्यांनी येऊन सॉकेट उघडले. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. गेली चार वर्षे आम्ही तिथे सराव करत होतो.

मग गोदामामागे खड्डा खणला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. शेठजी बाजूला उभे राहून बघत होते. त्यांच्याच दुकानातून मीठ आणि कोळसा एकत्र गेलेले त्यांनी पाहिले होते. “भाऊसाहेब,” त्यांनी हळूच विचारले, “कोणावर काही करणी तर नाही ना?” समजावल्यावर त्यांनी स्वतःच्या गोदामाचे सॉकेटही तपासून घेतले. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू द्यायचा नसतो, त्यात पाणी घालावे लागते. ते काम हल्ली तेच करतात. तांब्या आधी तुळशीला, मग खड्ड्याला.

ॲम्प्लिफायर नवापूरहून जीपने आला. सोबत एक पिशवी होती. तीत त्या रबरी चपला होत्या, धुतलेल्या.

यंत्र नीट झाले. मी झालो नाही. दर सरावाआधी मी टेस्टर घेऊन सांगाडा तपासे, मग तारा, मग माइकची जाळी. नंतर उलट्या हाताने स्पर्श करून पाही. रेडिओवाल्यांनी तसे शिकवले होते, कारण झटका बसला तर मूठ आवळून वायर हातात अडकत नाही. मित्र म्हणे की एवढ्या वेळात एक फाइल दोन टेबलं पुढे जाते, आणि त्याच्या तोंडी ही फार मोठी तक्रार होती. बहीण एकदा वैतागून म्हणाली, “भाऊ, तू बातमी तपाशी ऱ्हायना का माले?”

पण तीही आता माइकपासून चार बोटे लांब उभी राहून गात होती. गिटारचा आवाज हवा होता तसाच, भिंतीएवढा झाला होता, आणि त्यामागे तिचे शब्द हरवत होते. पुढे सरकून गा, हे सांगायचा अधिकार मला आहे असे मला वाटत नव्हते. मी सांगावे आणि पुन्हा काही व्हावे, हे चित्र डोळ्यांसमोरून हटत नसे. कामावर विजेच्या धक्क्याच्या बातम्या येत. मी त्या सहकाऱ्याकडे सरकवू लागलो.

जानेवारीत तिच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आम्हाला वाजवायला बोलावले. मैदानात मांडव, वेळ दुपारी चारची. वीज इमारतीतून लांबवर ओढून आणलेली. पुढच्या रांगेत प्राचार्य आणि तिच्या विभागातले सहकारी. मी टेस्टर लावला. ॲम्प्लिफायरच्या सांगाड्यावर तो मंद लुकलुकला. बोर्डाला तिसरे भोक होते. त्यामागे काय होते ते आता मला माहीत होते.

मी बहिणीला सांगितले की जुना ट्रान्झिस्टरचा गाडीत आहे, तो लावू. तिने मांडवाकडे पाहिले. विद्यार्थी बसत होते. ती म्हणाली की लुकलुक घालवता येते का ते आधी बघ.

मित्राने मांडववाल्याकडून लोखंडी पहार आणली. स्टेजमागे, झाडांच्या आळ्यातल्या ओल्या मातीत, ती आम्ही दोन हात खोल ठोकली. मी सांगाड्यापासून तिच्यापर्यंत वायर नेली आणि बादलीभर पाणी ओतले. टेस्टर विझला. पुन्हा लावला, विझलेलाच. तिसऱ्यांदा लावल्यावर निवेदकाने माइकवर विचारले की काही अडचण आहे का. पुढच्या रांगेत हसले.

मी पायातले काढले. तिची गिटार गळ्यात घेतली, उलटा हात माइकला लावला, मग ओठ. काही झाले नाही. लोखंडाची आणि धुळीची चव आली. मागे बहीण उभी होती.

“आते तरी हट ना बाजूले,” ती म्हणाली.

तिने पिशवीतून त्या रबरी चपला काढून घातल्या. त्या तिला तीन नंबर मोठ्या होत्या. साडी, काळी गिटार आणि निळ्या चपला पाहून तिच्याच वर्गातल्या मुलींनी शिट्टी वाजवली. प्राचार्यांनी मागे वळून पाहिले. तिने तारांवर हात ठेवला, गुणगुण थांबली.

पहिल्या गाण्यात ती चार बोटे लांब होती. मी बेस वाजवत होतो आणि त्या चार बोटांकडे पाहत होतो. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिने डोळे मिटले. अंतर तीन बोटे झाले, मग एक. मग राहिले नाही.

गाणे कसे झाले ते मला नंतर इतरांकडून कळले. शब्द मागच्या रांगेपर्यंत ऐकू आले, असे मांडववाल्याने सांगितले. मी तेवढा वेळ तिच्या चपलांकडे पाहत होतो. त्या ठेक्यावर हलत होत्या.